जुन्या वूलवर्थ्समधलं रिपेअर कॅफे

मिक्सर लावला की आतून ठिणग्या आणि करपट वास. भारतातून आणलेला, सोळा वर्षं वापरलेला मिक्सर. इथल्या ब्लेंडरमध्ये ओल्या खोबऱ्याचं वाटण गंधासारखं होत नाही, म्हणून टाकवत नव्हता. शेवटी पिशवीत घालून हाय स्ट्रीटवरच्या रिपेअर कॅफेत नेला, म्हणजे बिघडलेल्या वस्तू फी न घेता दुरुस्त करून देतात तिथे.

यॉर्कशायरमधल्या आमच्या छोट्या गावात मी २००७ साली आले, तेव्हा ही जागा वूलवर्थ्सची होती. मुलाचे शाळेचे मोजे, बटणं, बल्ब सगळं तिथेच मिळायचं. कंपनी बुडाली आणि २७ डिसेंबर २००८ ते ६ जानेवारी २००९ एवढ्या दिवसांत देशभरातली तिची ८०७ दुकानं बंद झाली. आमच्याकडे मग स्वस्त वस्तूंचं दुकान आलं, तेही गेलं, आणि पुढे कित्येक वर्षं काचेवर नुसते कागद चिकटवलेले. त्या काचेआड पुन्हा दिवे दिसले तेव्हा मला खरंच भरून आलं.

आत लांब टेबलं, एकावर शिलाई मशीन, एकावर सायकल उलटी ठेवलेली. माझा मिक्सर घेतला सत्तरीतल्या एका गृहस्थांनी. आधी विजेची सुरक्षा तपासणी, मग खोलाखोली. वरचा कपलर, म्हणजे भांडं ज्यावर बसतं ती चकती, उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो, हे त्यांनी माझ्याच हातून करून घेतलं. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजून नखाएवढे उरले होते. तंतोतंत मापाचे नवे नव्हते, तर जरा मोठे घेऊन पॉलिश पेपरवर घासून बसवले. ॲडॉप्टर काढून इथला तीन पिनांचा प्लगही लावून दिला, योग्य फ्यूज घालून. सव्वा तास लागला. फी नाही; सुट्या भागाचे पैसे आणि डबीत मनाला येईल ते. घरी येऊन त्याच संध्याकाळी वाटण केलं. ठिणगी नाही, वास नाही.

उणिवा आहेत. हीटिंग अपुरं, स्वेटर काढू नका. टॉयलेट नाही. मायक्रोवेव्ह दुरुस्तीला उघडत नाहीत, ते धोक्याचं असतं, तेव्हा योग्यच.

मला खरी काळजी आहे ती जागेची. इंग्लंडमध्ये दुकान रिकामं पडलं की पहिले तीन महिने मालकाला बिझनेस रेट्स, म्हणजे दुकानाच्या जागेवरचा कर, माफ, नंतर पूर्ण भरावे लागतात. चॅरिटी तिथे काम करू लागली की तो भार तिच्याकडे जातो आणि तिला ८० टक्के सूट मिळते. म्हणून मालकाने रिपेअर कॅफेला जागा दिली, पण चार आठवड्यांच्या नोटिशीच्या करारावर. भाडेकरू मिळाला की यांनी टेबलं उचलायची. अशाने हीटिंगवर खर्च कोण करणार? दोन वर्षांत ३६५ दिवसांहून जास्त काळ रिकाम्या असलेल्या दुकानाचा एक ते पाच वर्षांचा भाडेकरार लिलावात काढायचा अधिकार डिसेंबर २०२४ पासून इथल्या कौन्सिलांना आहे. समोरचं जुनं बँकेचं दुकान त्याहून जास्त काळ बंद आहे. ते लिलावात काढा आणि यांना पाच वर्षांसाठी बोली लावू द्या, असं मी कौन्सिलरला लिहून कळवलंय.

दर शनिवारी दहा ते एक. वस्तू स्वच्छ पुसून न्या, मिक्सर असेल तर भांडंही न्या. अकरानंतर रांग दारापर्यंत येते.