ॲप्ट: संगणकावर काय आहे आणि का आहे, याचा चोख हिशेब

डेबियन, उबंटू किंवा लिनक्स मिंट या लिनक्स प्रणाली वापरणाऱ्या बहुतेकांची ‘ॲप्ट’ या सॉफ्टवेअर बसवण्या-काढण्याच्या साधनाशी ओळख एका ओळीपुरती असते. कुठेतरी दिलेली ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ ही कमांड टर्मिनलमध्ये टाकायची, पासवर्ड द्यायचा आणि काम झाले की खिडकी बंद करायची. एवढ्यावरून या साधनाची पारख करता येणार नाही, कारण नवे सॉफ्टवेअर आणून बसवणे हा त्याच्या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. बसवलेल्या शेकडो पॅकेजांपैकी (म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांपैकी) कोणते कशासाठी आले, कोणाच्या मागणीवरून आले आणि आता त्याची गरज उरली आहे का, हे वर्षानुवर्षे नीट सांगता येणे हा अवघड भाग आहे आणि ॲप्ट तिथेच खरे उतरते. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 सोबत मिळणारी ॲप्टची 3.0 मालिका डोळ्यांसमोर ठेवून हे परीक्षण केले आहे.

ॲप्ट 1998 मध्ये प्रथम उपलब्ध झाले आणि पुढच्याच वर्षी डेबियन 2.1 मधून सर्वांपर्यंत पोहोचले. त्याच्या खाली ‘डीपीकेजी’ हे त्याहून जुने साधन काम करते. पॅकेजची फाइल उघडून तिच्यातील प्रत्येक गोष्ट योग्य जागी ठेवणे आणि त्याची नोंद करणे हे डीपीकेजीचे काम असते, तर ते पॅकेज कुठून आणायचे, त्याला आणखी कशाची गरज आहे आणि कोणत्या क्रमाने सगळे बसवायचे हे ॲप्ट ठरवते. ही विभागणी लक्षात आली की पुढच्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

एक उदाहरण जवळून पाहू. स्कॅन केलेल्या मराठी पानांवरून मजकूर मिळवण्यासाठी ‘टेसरॅक्ट-ओसीआर’ आणि त्याच्या मराठी विदेचे (डेटाचे) ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’ अशी दोन पॅकेजे मागितली की ॲप्ट लगेच कामाला लागत नाही. आधी ते यादी दाखवते. तुम्ही मागितलेली पॅकेजे एका गटात असतात आणि त्यांच्यामुळे येणारी लेप्टॉनिकासारखी लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात असा तयार कोड) किंवा इंग्रजीची विदा दुसऱ्या गटात असते. शेवटी किती डाउनलोड होणार, डिस्कवर किती जागा लागणार आणि किती शिल्लक आहे हे सांगून मगच ते पुढे जाऊ का असे विचारते. 3.0 मध्ये ही यादी स्तंभांत मांडलेली असते, येणारी पॅकेजे हिरव्या रंगात आणि जाणारी लाल रंगात असतात. हा बदल दिसायला किरकोळ असला तरी त्याचे मोल मोठे आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये एका लोकप्रिय यूट्यूब वाहिनीच्या कार्यक्रमात पॉप ओएस या उबंटूवर आधारित प्रणालीवर स्टीम हे खेळांचे ॲप बसवताना संपूर्ण डेस्कटॉपच काढला गेला होता. दोष पॅकेजमध्ये होता आणि ॲप्टने इशाराही दिला होता, पण तो एकाच रंगाच्या दाट मजकुरात बुडून गेला होता. त्यानंतर अत्यावश्यक पॅकेज काढण्याची वाट आणखी कठीण करण्यात आली. आताची लाल रंगातील यादी पाहिली की घाईत असलेला माणूसही क्षणभर थांबतो, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांत ॲप्टमध्ये झालेली ही सर्वांत उपयुक्त सुधारणा आहे.

आता हिशेबाच्या भागाकडे वळू. प्रत्येक पॅकेजसमोर ॲप्ट एक खूण ठेवते: हे वापरकर्त्याने स्वतः मागितले, की दुसऱ्या कशासाठी आपोआप आले. वरच्या उदाहरणात टेसरॅक्टची दोन पॅकेजे मागितलेली ठरतात आणि लेप्टॉनिका आपोआप आलेली. पुढे टेसरॅक्ट काढून टाकले आणि लेप्टॉनिकाची दुसऱ्या कोणालाही गरज नसली, तर ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ तिलाही काढण्यासाठी पुढे करते. जुने कर्नल (प्रणालीचा गाभा) साफ करण्याचे कामही याच कमांडने होते आणि चालू असलेल्या कर्नलला ती हात लावत नाही. ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ दिले की मागितलेल्या पॅकेजांची यादी मिळते. एखादी आपोआप आलेली लायब्ररी तुमच्या स्वतःच्या कामासाठीही लागत असेल, तर ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ देऊन ती खूण बदलून घ्यावी, म्हणजे ती पुढे नकळत निघून जाणार नाही. ऑटोरिमूव्हच्या यादीवर नजर न टाकता होकार देण्याची सवय मात्र कोणीही लावून घेऊ नये. डेस्कटॉपचे एखादे मुख्य पॅकेज काढले गेले असेल, तर त्याच्यामागून आलेली कितीतरी कामाची पॅकेजे त्या यादीत येऊ शकतात.

काय बसवलेले आहे हे पाहण्याची सोयही उत्तम आहे. ‘ॲप्ट लिस्ट --इन्स्टॉल्ड’ पूर्ण यादी देते, ‘ॲप्ट शो’ एका पॅकेजचे वर्णन, आकार आणि त्याची अवलंबने (त्याला लागणारी इतर पॅकेजे) सांगते, तर ‘ॲप्ट पॉलिसी’ बसलेली आवृत्ती, उपलब्ध आवृत्ती आणि ती कोणत्या स्रोतातून (पॅकेजे पुरवणाऱ्या सर्व्हरवरून) येते हे एकाच ठिकाणी दाखवते. मला विशेष आवडतो तो ‘?ऑब्सोलीट’ हा शोधनमुना. अवतरणचिन्हांत घालून तो ‘ॲप्ट लिस्ट’ला दिला, की सध्याच्या कोणत्याच स्रोतात नसलेली पॅकेजे समोर येतात, म्हणजे हाताने उतरवून बसवलेली किंवा मागच्या आवृत्तीतून राहून गेलेली. अशा पॅकेजांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, त्यामुळे मोठ्या अपग्रेडनंतर ही यादी पाहणे मी आवश्यक मानतो. अमुक फाइल कोणत्या पॅकेजची, हा प्रश्न मात्र डीपीकेजीला विचारावा लागतो. दोन साधनांच्या कमांड वेगवेगळ्या लक्षात ठेवण्याचा हा त्रास नव्या माणसाला नक्कीच जाणवतो.

‘रिमूव्ह’ आणि ‘पर्ज’ यांतील फरकही सुरुवातीला चकवतो. रिमूव्ह केल्यावर प्रोग्रॅम जातो, पण प्रणालीतील त्याच्या सेटिंगच्या फाइली राहतात आणि डीपीकेजीच्या यादीत ते पॅकेज वेगळ्या खुणेने दिसत राहते. पर्ज केल्यावर त्या फाइलीही जातात, मात्र वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधील सेटिंग्जना दोन्ही कमांड हात लावत नाहीत. अपग्रेड करताना तुम्ही बदललेली सेटिंगची फाइल पॅकेजमध्येही बदललेली असेल, तर तुमची ठेवायची की नवी घ्यायची असे विचारले जाते, दोन्हींतील फरक तिथेच पाहता येतो, आणि काही न ठरवता एंटर दाबले तर तुमचीच फाइल कायम राहते. वापरकर्त्याच्या कामाचा असा मान राखणे मला फार मोलाचे वाटते.

विश्वासाच्या बाबतीत ॲप्ट पक्के आहे. स्रोताच्या सूचीवर डिजिटल स्वाक्षरी असते आणि प्रत्येक पॅकेजची पडताळणी-बेरीज (चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) त्या सूचीशी ताडून पाहिली जाते, त्यामुळे वाटेतील कोणत्याही मिररवरून (स्रोताची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) फाइल आली तरी तिच्यात फेरफार झालेला लपत नाही. पण ही स्वाक्षरी फक्त पॅकेज कोणाकडून आले हे सिद्ध करते. एखाद्या अनोळखी स्रोताची स्वाक्षरी तपासण्याची चावी तुम्ही स्वतः जोडली, तर त्याच्या पॅकेजांमधील स्क्रिप्ट रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) अधिकाराने चालतात आणि त्यापासून ॲप्ट तुम्हाला वाचवू शकत नाही. डेबियन 13 मध्ये जवळपास 70,000 पॅकेजे आधीच उपलब्ध असताना, बाहेरचा स्रोत जोडण्यापूर्वी तिथे शोधून पाहणे शहाणपणाचे आहे.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या ‘डीएनएफ’ या अशाच साधनात एखादा व्यवहार (एका वेळी केलेली बसवण्या-काढण्याची कामे) त्याच्या क्रमांकावरून उलटा फिरवण्याची कमांड पुष्कळ वर्षांपासून आहे. ॲप्ट 3.0 मध्ये इतिहासाची लॉग फाइल वाचून ते काम हातानेच करावे लागते. ही उणीव मला सर्वांत जास्त खटकते, कारण जे साधन इतकी काटेकोर नोंद ठेवते त्याला त्या नोंदीवरून मागे येणेही जमायला हवे. उबंटूमध्ये आणखी एक गुंता आहे. 22.04 पासून तिथे ‘ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स’ दिले की प्रत्यक्षात स्नॅप, म्हणजे उबंटूच्या वेगळ्या पद्धतीचे पॅकेज, बसवला जातो, ज्याचे अपडेट ॲप्टच्या हातात नसतात. त्यामुळे ॲप्टची यादी म्हणजे संगणकावरील सगळे सॉफ्टवेअर हे उबंटूपुरते खरे राहिलेले नाही, आणि ‘स्नॅप लिस्ट’ वेगळी पाहावी लागते. ॲप्टचे संदेश मराठीतही आहेत, पण भाषांतर अपुरे असल्याने मराठी व इंग्रजी ओळी एकमेकींत मिसळून दिसतात. ते पूर्ण करण्याचे काम कोणीतरी मनावर घ्यायला हवे.

नव्याने शिकणाऱ्याला, आणि एकाहून अधिक संगणक सांभाळणाऱ्याला तर नक्कीच, मी ॲप्टची निःशंक शिफारस करतो. स्क्रिप्टमध्ये मात्र ‘ॲप्ट-गेट’ ही जुनी कमांड वापरावी, कारण ॲप्ट पडद्यावर दाखवते त्या मांडणीत बदल होऊ शकतात आणि तशी सूचना ते स्वतःच देते. संगणक बदलायची वेळ आली, की शोमॅन्युअलची यादी एका फाइलमध्ये घेऊन नव्या संगणकावर इन्स्टॉलला देता येते. त्याआधी कर्नल, ड्रायव्हर आणि बाहेरच्या स्रोतांतील नावे त्या यादीतून वगळावीत, आणि सेटिंगच्या फाइलींची प्रत वेगळी घ्यावी, कारण त्या यादीत फक्त पॅकेजांची नावे असतात.