इन्सब्रुक की बोल्झानो?

आल्प्समध्ये एकाच शहरात चार-पाच दिवस मुक्काम ठोकायचा, तिथूनच संग्रहालयं, सायकल आणि डोंगर साधायचे, असा बेत असेल तर माझ्या मते खरी चुरस ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक आणि इटलीतलं बोल्झानो यांच्यात आहे. दोन्ही मूळची टिरोल या एकाच आल्प्स प्रांतातली. पहिल्या महायुद्धानंतर सरहद्द ब्रेनर खिंडीवर आली आणि त्यांचे देश वेगळे झाले. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, रेल्वेने अंतर साधारण दोन तासांचं.

डोंगराची ओढ जास्त असेल तर इन्सब्रुक. जुन्या शहराला लागूनच फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर दोराने ओढली जाणारी रेल्वे, सुटते. तिची 2007 सालची स्थानकं वास्तुविशारद झहा हदीद यांनी घडवलेली आहेत. पुढे दोन केबल कार बदलल्या की हाफेलेकार हे शिखर, 2,200 मीटरच्याही वर. एका अंगाला पायाखाली अख्खं शहर, दुसऱ्या अंगाला कार्वेंडेल डोंगररांगेचे उघडेबोडके कडे. दक्षिणेकडून ‘फ्योन’ हा उबदार वारा जोरात सुटला की केबल कार थांबवतात, तेव्हा पहिला स्वच्छ दिवस मिळाला की आधी वर जाऊन या.

इथे बहुतेक जण जुन्या शहरातल्या सोनेरी छपराच्या सज्जाचा फोटो काढून पुढे जातात. मी मात्र होफकिर्खे या चर्चसाठी वेळ राखून ठेवायला सांगेन. सम्राट मॅक्सिमिलियनच्या समाधीभोवती माणसापेक्षा उंच असे 28 काळपट कांस्यपुतळे उभे आहेत. त्यातल्या राजा आर्थरचा आराखडा जर्मन चित्रकार ड्यूररचा. आणि एवढा पहारा असून समाधी रिकामी, कारण सम्राटाला पुरलंय वीनर नॉयश्टाट या दुसऱ्याच शहरात!

बोल्झानोची मिरास म्हणजे ओट्झी, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा हिममानव. 1991 साली सापडल्यावर त्याला आधी इन्सब्रुकलाच नेलं होतं. मोजणी झाली तेव्हा जागा सरहद्दीपासून जेमतेम 93 मीटर इटलीत निघाली, आणि 1998 मध्ये तो बोल्झानोला आला. उणे 6 अंशांच्या खोलीत ठेवलेला देह छोट्याशा खिडकीतून बघायचा असतो. पण जास्त रेंगाळावं ते त्याच्या सामानापाशी: तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड, उबेसाठी गवत भरलेले बूट. त्या बुटांपुढे पाच हजार वर्षं फार वाटत नाहीत.

सायकलसाठी मात्र बोल्झानोच, मनात शंका न ठेवता. नदीकाठच्या सायकलवाटा गाड्यांपासून वेगळ्या आहेत. मेरानो या गावापर्यंतचे तीसेक किलोमीटर बरेचसे सपाट, सफरचंदांच्या बागांमधून जाणारे. मुलं किंवा सासू-सासरे सोबत असले तरी जमतं, आणि दमलात तर परत रेल्वे आहेच. इन्सब्रुकला इन नदीकाठची वाट चांगली आहे, पण मोठा महामार्गही त्याच खोऱ्यातून जातो. चढाचे दर्दी असाल तर गोष्ट वेगळी. 2018 ची सायकलिंगची जागतिक रोड स्पर्धा तिथेच झाली, आणि तिच्यातल्या ‘होल’ चढाचा उतार काही ठिकाणी 28 टक्के आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये बोल्झानो तापतं, कारण ते अवघ्या 262 मीटरवर, डोंगरांच्या खोलगटात आहे. एप्रिलमधला सफरचंदांचा बहर किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमधली तोडणी गाठा. उकडलंच तर रेनॉनची केबल कार बारा मिनिटांत पठारावर पोचवते. शाकाहाऱ्यांचंही इथे बरं चालतं. पालक-रिकोटा भरलेले, करंजीच्या आकाराचे श्लुट्झक्राप्फेन जरूर मागवा. क्नोडेल, म्हणजे पावाचे उकडलेले गोळे, कुठेही घेताना आधी विचारा, त्यात बरेचदा डुकराचं मांस असतं.

पहिल्यांदाच जात असाल आणि मोसम उन्हाळ्याचा नसेल, तर मुक्काम बोल्झानोला करा, इन्सब्रुकला एक दिवस द्या. आणखी एक दिवस हाताशी असेल तर सायकल घेऊन रेल्वेने ब्रेनर गाठा आणि जुन्या रेल्वेमार्गावरच्या सायकलवाटेने खाली श्टेर्झिंग या गावाकडे उतरा.