रॅट एलएच एलायझा किट: चढलेलं एलएच नीट मोजतं, उतरलेलं नाही

रॅटचं एलएच (वृषण-अंडाशयांना चालना देणारं पिट्युटरीचं संप्रेरक) मोजण्याचं ९६ वेलचं (खळग्यांचं) सँडविच एलायझा किट, म्हणजे दोन अँटिबॉडींमध्ये संप्रेरक पकडून रंगावरून मोजणारं किट घ्यायचं, तर माहितीपत्रकातल्या कर्ववर (ज्ञात प्रमाणांवरून काढलेल्या आलेखावर) जाऊ नये. वृषणं किंवा अंडाशय काढलेल्या रॅटचं सीरम लावून बघावं. ग्रंथी गेल्या की टेस्टोस्टेरॉन-इस्ट्रॅडिऑलचा लगाम सुटतो, मेंदूच्या आर्क्युएट भागातल्या किसपेप्टिन पेशींचा जोर वाढतो, जीएनआरएचचे (एलएच सोडायला लावणाऱ्या मेंदूतल्या संप्रेरकाचे) झटके वाढतात आणि पिट्युटरी कित्येक पट एलएच सोडते. एवढी वाढ पकडता येत नसेल तर किट कामाचं नाही.

ती वाढ हे किट व्यवस्थित पकडतं. शस्त्रक्रियेनंतर ३ आठवड्यांचं सीरम मात्र थेट घालू नये, वाचन कर्वच्या वर जातं. ५, १० आणि २० पट पातळ केलेल्या नमुन्यांची उत्तरं गुणाकारानंतर एकमेकांशी जुळतात, ही मोठी जमेची बाजू.

पण नुसती वाढ दिसली म्हणून हुरळून जाऊ नये. ग्रंथी काढल्यावर एफएसएच हे पिट्युटरीचं दुसरं संप्रेरकही वाढतं आणि दोघांच्या रेणूतला अल्फा भाग एकच असतो. अँटिबॉडी त्याला चिकटत असेल तर वाईट किटही झकास दिसतं. म्हणून कमी एलएचच्या सीरममध्ये शुद्ध रॅट एफएसएच मिसळून वाचन हलतं का ते पाहावं. इथे हललं नाही.

मादीत घाई नको. नरात एक-दोन दिवसांत एलएच चढतं. मादीत इन्हिबिन (एफएसएचला आवर घालणारं अंडाशयाचं संप्रेरक) गेल्यामुळे एफएसएच आधी उसळतं, एलएच काही दिवस मागे राहतं. तिसऱ्या दिवशीचा आकडा कमी आला तर तो किटचा दोष नाही. पुढेही कमीच राहिला तर सलग ५ दिवस योनीचा स्मिअर बघा. शिंगमय पेशी (इस्ट्रॅडिऑलमुळे कडक, चपट्या झालेल्या) दिसल्या तर अंडाशयाचा तुकडा आत राहिला आहे.

खरी रड खालच्या टोकाला आहे. इस्ट्रॅडिऑल कॅप्सूल बसवलेल्या माद्यांचं वाचन सर्वात खालच्या स्टँडर्डला (ज्ञात प्रमाणाच्या नमुन्याला) टेकतं आणि डुप्लिकेटचे (एकाच नमुन्याच्या दोन वेलचे) आकडे जुळत नाहीत. एका वेलला ५० मायक्रोलिटर सीरम लागतं, म्हणजे डुप्लिकेटला १००, म्हणजे रक्त २००च्या वर. अंडाशय काढलेल्या मादीत २०-३० मिनिटांनी एलएचचा झटका येतो; दर १० मिनिटांनी ३ तास नमुने घेतले तर जवळपास ४ मिलिलिटर रक्त जातं. २५० ग्रॅमच्या रॅटमध्ये एकूण रक्तच १६ मिलिलिटरच्या आसपास. झटके मोजायला हे किट घेऊ नका.

धुणं पाचदा करावं, दर वेळी प्लेट उलटी आपटून वेल पूर्ण कोरडे करावेत. थेंब राहिला की ४५० नॅनोमीटरला पार्श्वभूमी चढते. पुस्तिकेत स्टँडर्ड कोणत्या संदर्भ-तयारीवर बेतलं आहे हेच लिहिलेलं नाही. आरपी-१ आणि आरपी-३ या रॅट एलएचच्या दोन संदर्भ-तयाऱ्यांचे नॅनोग्राम एकमेकांशी ताडता येत नाहीत, त्यामुळे जुन्या शोधनिबंधांतल्या आकड्यांशी तुलना करू नये; प्रत्येक प्लेटवर शॅम प्राण्यांचे (शस्त्रक्रिया केली पण ग्रंथी न काढलेल्यांचे) नमुने लावून त्यांच्या पटीतच लिहावं.