विडरच्या कार्बोरेटरातून पेट्रोल गळतंय: साफ करू, किट टाकू की नवीनच बसवू?

कपाशीची कोळपणी जोरात आणि नेमकं तेव्हाच विडरखाली, म्हणजे तण काढायच्या पेट्रोल मशीनखाली, पेट्रोलचं थारोळं, हे आपल्या खान्देशात दर पावसाळ्याच्या तोंडाशी कुणाच्या ना कुणाच्या बांधावर होतंच, कारण मशीन महिनोन्महिने शेडमधे पडून, टाकीत जुनं पेट्रोल तसंच आणि मधे जळगावचा ४५ अंशाचा उन्हाळा. कार्बोरेटर म्हणजे इंजिनला हवा-पेट्रोल मिसळून देणारा भाग, त्याच्या खालच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा चिकट थर राहतो. दुकानात गेलं की पहिलं उत्तर, नवीन टाका. माझं म्हणणं एवढंच की भाऊ, गळतंय कुठून ते आधी बघा, पैसे मग काढा.

इंजिन गार होऊ द्या, विडी-काडी लांब, पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर फडक्याने कोरडा पुसा आणि इंजिन बंद ठेवूनच कॉक उघडा. पाइपाच्या तोंडाशी ओलं झालं तर पाइप तडकलाय किंवा क्लिप ढिली, वाटीच्या कडेने आलं तर पॅकिंग, खालच्या बोल्टाशी आलं तर वायसर, ही कामं किरकोळच. पण हे सगळं कोरडं आणि पेट्रोल एअर क्लीनरकडून येतंय, तर तो ओव्हरफ्लो, म्हणजे निडल (वाटी भरली की पेट्रोल बंद करणारी सुई) पेट्रोल अडवत नाहीये. अशा वेळी ऑइलची काडी काढून वास घ्या. ऑइल पातळ, लेव्हल वाढलेली आणि पेट्रोलचा वास असेल तर दोरी ओढूच नका, आधी ऑइल बदला, नाहीतर इंजिनच जाईल.

आता तिघांची तुलना. सफाईला खर्च जवळपास नाहीच, १० चा पान्हा, कार्ब क्लीनर आणि तासभर वेळ. कचरा अडकला असेल तर एवढ्यात काम होतं, आणि ओव्हरफ्लो बऱ्याच वेळा कचऱ्यानेच होतो. निडल बसते ती पितळी सीट कापसाने पुसा, पॉलिश पेपर बिलकुल लावू नका. फ्लोट, म्हणजे वाटीत तरंगून निडल ढकलणारा पोकळ तुकडा, कानाजवळ हलवून बघा, आत पेट्रोल खळखळलं तर तो बदलायचाच, साफ करून काही होणार नाही.

निडलच्या रबरी टोकावर गोल खाच पडलेली दिसली की मग किट, म्हणजे दुरुस्तीच्या सुट्या भागांचं पाकीट. निडल, पॅकिंग, वायसर सगळं येतं आणि नव्या कार्बोरेटरच्या मानाने बरंच स्वस्त. हल्ली पेट्रोलमधे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या मशीनचं रबर त्यात फुगतं म्हणून ओरिंगही नवीनच घाला. जोडल्यावर कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोल येतं त्या नळीत स्वच्छ पाइपाने हवा फुंका, उलटा असताना हवा जायला नको, सुलटा केला की जायला पाहिजे. उलटा धरूनही हवा जातेय तर सीटच झिजलीय, आणि बऱ्याच छोट्या इंजिनांत ती दाबून बसवलेली असते, वेगळी मिळत नाही. ब्रश कटरच्या पडदेवाल्या कार्बोरेटरला वाटी-फ्लोट नसतोच, तिथे कडक झालेला पडदा बदलायचा, म्हणजे पहिली पसंती किटलाच.

नवीन घ्यायचा तो सीट गेली असेल, बॉडीला चीर असेल किंवा आतून पांढरी बुरशी, म्हणजे धातूचा गंज, धरली असेल तर. लोकल स्वस्त मिळतो पण जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक), लिव्हर जुळतीलच असं नाही, ओरिजिनल महाग पण बसवला की विषय संपला. एक मात्र, मी स्वतः घाईत नवीन बसवला होता आणि पाचव्या दिवशी परत गळती, कारण टाकीतला गंज आणि जुनी जाळी तशीच होती, तोच कचरा नव्या निडलखाली जाऊन बसला. दोन्ही वेळचे पैसे गेले आणि कोळपणीचे दोन दिवस वेगळे.

म्हणून तिघांतलं काहीही करा, टाकी धुवा, जाळी बदला, आणि मशीन ट्रॉलीत टाकून शेतात नेताना कॉक बंदच ठेवा, धक्क्यांनी चांगली निडलसुद्धा पेट्रोल सोडते.