कॉम्प्रेशन पॅकिंग क्यूबचा सेट: सात रात्रींची क्रूझ, एकच केबिन बॅग

क्यूब म्हणजे कपडे भरून बॅगेत ठेवायच्या चौकोनी चेनवाल्या पिशव्या. तीन क्यूबचा सेट आहे, मोठा, मधला आणि छोटा, पातळ नायलॉनचे, प्रत्येकाला दोन चेन. पहिली चेन कपडे आत ठेवून बंद करायची आणि दुसरी गोल फिरवली की पूर्ण क्यूब चपटा होतो. सात रात्रींच्या क्रूझला मी आणि ताई दोघीही फक्त केबिन बॅग घेऊन गेलो, चेक-इनला काहीच दिलं नाही, आणि हे सगळं या क्यूबमुळे जमलं असं मी सगळ्यांना सांगत होते. आता परत येऊन शांतपणे विचार केल्यावर वाटतंय की निम्मंच खरं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घेताना माझा समज असा होता की क्यूब म्हणजे जागा, आणि जागा झाली की प्रश्न सुटला. पहिल्यांदा पॅकिंग केलं तेव्हा मोठ्या क्यूबमध्ये मी आठ टीशर्ट, दोन जीन्स, एक स्वेटर असं सगळं बसवलं, दुसरी चेन ओढली आणि खरंच तो गठ्ठा निम्म्यावर आला, इतका आनंद झाला मला. मग झालं काय की बॅगेत जागा दिसायला लागली आणि जागा दिसली की आपल्या तोंडात एकच वाक्य येतं, "असू दे, लागलं तर". असू दे म्हणत दुसरी सँडल गेली, असू दे म्हणत हेअर ड्रायर गेला, जाड पुस्तक गेलं. चेन लागली. बॅग काट्यावर ठेवली तर 9.4 किलो. बऱ्याच एअरलाइन्सची केबिन बॅगची मर्यादा 7 किलो असते, काहींची 8 किंवा 10, आणि आमची 7 च होती.

कॉम्प्रेशन क्यूब आकार कमी करतो, वजन एक ग्रॅमही कमी करत नाही, उलट स्वतःचं वजन वाढवतो. हा सेट मी किचनच्या काट्यावर ठेवला तर 330 ग्रॅम भरला, म्हणजे दोन टीशर्ट सहज आले असते त्यात. ऐकायला अगदी साधी गोष्ट आहे पण क्यूब हातात आल्यावर डोक्यातून निघून जाते, माझ्या तरी गेली.

मग मी सगळं उपसलं आणि उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी ठरवलं की तीन क्यूबमध्ये दुसरी चेन न लावता, नुसतं पहिल्या चेनवर जे आरामात बसेल तेवढंच न्यायचं, दुसरी चेन फक्त शेवटी हवा काढायला. म्हणजे क्यूब ही हद्द. त्यात बसत नसेल तर काहीतरी बाहेर काढायचं. मोठ्यात दिवसाचे कपडे, चार टीशर्ट, एक लिननची पँट, एक शॉर्ट्स, एक पातळ ड्रेस. मधल्यात संध्याकाळचे, काळा होजिअरीच्या कापडाचा ड्रेस, काळी पँट, दोन टॉप, एक शाल. छोट्यात आतले कपडे, मोजे आणि दोन स्विमसूट. दोन का तर एक वाळत असताना दुसरा घालता येतो, ओला स्विमसूट परत चढवण्यासारखं वैतागवाणं काही नाही. बूट आणि रेन जॅकेट अंगावर, सपाट सँडल बॅगेत. बॅग चाकांची न घेता सॉफ्ट बॅकपॅक घेतली, 1.2 किलोची, कारण चाकांच्या हार्ड बॅगेत रिकामीच अडीच-तीन किलो जातात, सातातले तीन असेच गेले तर राहिलं काय. लिक्विड, चार्जर, औषधं, कागदपत्रं सगळं धरून 6.6 किलो भरलं. जीव भांड्यात पडला.

हेअर ड्रायर काढला ते बरं केलं, जहाजावरच्या केबिनमध्ये असतोच बहुतेक. टॉवेल असतात, पूलचे टॉवेल वेगळे मिळतात, शॅम्पू आणि साबणाचे डिस्पेन्सर बाथरूममध्ये लावलेले असतात. तुमच्या जहाजावर काय काय आहे ते आधी बघून घ्या, निम्मं ओझं तिथेच उतरतं. इस्त्री आणि कपड्यांचा स्टीमर मात्र चुकूनही नेऊ नका, आगीच्या भीतीने जहाजावर चालत नाहीत, चढताना एक्स-रेमध्ये दिसले की काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. सर्ज प्रोटेक्टरवाल्या एक्स्टेन्शन बोर्डचंही तेच.

आता सुरकुत्या. सगळ्यात जास्त मला हेच विचारतात. होजिअरी, पॉलिएस्टर, मेरिनो लोकर असलं कापड गुंडाळी करून क्यूबमध्ये दाबलं तर बाहेर काढून तासभर टांगलं की सरळ होतं. लिननचं काय सांगू, लिनन त्या क्यूबमधून असं निघालं की जणू कोणीतरी मुठीत पिळून ठेवलं होतं. ताईचा कॉटनचा शर्ट तसाच. सात रात्रींच्या क्रूझवर साधारण दोन फॉर्मल नाइट, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या संध्याकाळी, असतात आणि पहिली बऱ्याचदा दुसऱ्याच संध्याकाळी येते, तेव्हा सुरकुत्यांचा शर्ट बघून ताईचा चेहरा उतरला. आम्ही मग तो हँगरवर लावून बाथरूममध्ये टांगला, दार बंद करून गरम पाण्याचा शॉवर घेतला, बाथरूम एवढुशी असते की पाच मिनिटांत वाफ कोंडते, आणि ओल्या हाताने कॉलर आणि बटणपट्टी खाली ओढत गेलो. पूर्ण नाही गेल्या सुरकुत्या पण जेवायला जाण्याइतपत झाला. तरी माझं स्पष्ट मत, ज्या कपड्याला इस्त्री लागते तो या क्यूबमध्ये घालूच नका, आणि केबिन बॅगवर जायचं असेल तर तो कपडाच नेऊ नका. माझा काळा ड्रेस दोन्ही फॉर्मल नाइटना घातला, एकदा शाल घेऊन आणि एकदा नुसता, दोन्ही वेळा तितकाच छान वाटला मला.

चेनबद्दल तक्रार आहे, आणि जरा खोलात जाऊन सांगते कारण सेट घेताना हेच बघायला हवं. तिसऱ्या दिवशी मधल्या क्यूबची कॉम्प्रेशन चेन लावताना कोपऱ्यावर शालीची झालर आत अडकली, मी जोर लावून ओढली, आणि रनर पुढे गेला पण मागचे दात उघडेच राहिले. म्हणजे चेन लागलेली दिसते आणि मागून क्यूब तोंड वासून बसलेला. बघितलं तर कोपऱ्याचं वळण फारच काटकोनी शिवलंय, तिथे दातांवर ताण येतो. रनर हळूहळू पूर्ण मागे सुरुवातीपर्यंत नेला, झालर बोटाने आत सारली, मग एका हाताने दोन्ही कडा जवळ धरून दुसऱ्या हाताने चेन ओढली तेव्हा दात परत बसले. तेव्हापासून नियम केला, रनरने कपडे दाबायचे नाहीत, आधी तळहाताने दाबून कडा एकमेकींजवळ आणायच्या आणि चेन नुसती मागून यायला हवी. मोठ्या आणि छोट्याला काही झालं नाही पण मधल्यावर आता माझा विश्वास नाही. घेताना गोल कोपरे आणि जाड दातांची चेन बघा, रंग मागाहून बघा.

दुसरी तक्रार, खरं तर यात चूक माझी, हे क्यूब वॉटरप्रूफ नाहीत. शेवटच्या दिवशी दुपारी पोहून आलो, स्विमसूट पिळून मी छोट्या क्यूबमध्ये घातला आणि बॅगेत टाकला, संध्याकाळी बघते तर ओल बाजूच्या मोठ्या क्यूबपर्यंत गेलेली आणि सगळ्याला कुबट वास. एक साधी जाड प्लास्टिकची चेनवाली पिशवी असती तर काही झालं नसतं. ती न्याच न्या, वजनाला काहीच नसते.

चार टीशर्टवर सात रात्री म्हणजे धुणं आलंच. काही जहाजांवर नाणी किंवा कार्ड टाकून वापरायची वॉशिंग मशीन असतात, काहींवर फक्त पैसे देऊन करून घ्यायची लाँड्री, आमच्याकडे दुसरा प्रकार होता. आम्ही तिसऱ्या आणि पाचव्या रात्री बेसिनमध्येच धुतलं. बाथरूममध्ये शॉवरवर ओढायची एक दोरी असते पण तिथे दमटपणा इतका की सकाळी हात लावला तर टीशर्ट तसाच गार. मग युक्ती सापडली, धुतलेला कपडा कोरड्या टॉवेलवर पसरायचा, टॉवेलसकट गुंडाळी करायची आणि दोघींनी दोन टोकं धरून पिळायची, निम्मं पाणी टॉवेल पितो. आणि वाळत घालायचं खोलीत, एसीच्या कोरड्या हवेत. केबिनच्या भिंती बहुतेक जहाजांवर पोलादी असतात, मॅग्नेटचे हुक चिकटतात, आम्ही चार नेले होते. पॉलिएस्टरचे टॉप एका रात्रीत कडक वाळले, कॉटनचा टीशर्ट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओलसरच. बाल्कनीच्या कठड्यावर कपडे घालू नका, मनाई असते, आणि वाऱ्याने उडून समुद्रात गेला तर एक टीशर्ट कमी.

इथे क्यूबचा खरा उपयोग कळला मला, जो पाकिटावर कुठेच लिहिलेला नव्हता. केबिन लहान, कपाट एक, आणि त्यात दोघी. आम्ही क्यूब उघडून तसेच फळीवर ठेवले, ड्रॉवरसारखे. माझे निळे, तिचे राखाडी. कपडे शोधताना बॅग उपसावी लागली नाही, आणि रोज रिकामा होत जाणाऱ्या क्यूबमध्ये मळके कपडे जात राहिले. शेवटच्या रात्री पॅकिंगला दहा मिनिटंही लागली नाहीत. हे कॉम्प्रेशन नसलेल्या साध्या क्यूबनेही झालं असतं हे मात्र खरं, आणि ते वजनाला हलके असतात. गरम हवेच्या ठिकाणी जात असाल तर मी म्हणेन साधेच घ्या. थंडीच्या बाजूला जात असाल, पिसांचं जॅकेट, जाड लोकरीचे थर न्यायचे असतील तर मात्र कॉम्प्रेशनवाले हवेतच, त्या फुगीर कपड्यांमध्ये नुसती हवा असते आणि ती निघाली की फरक डोळ्यांना दिसतो.

फक्त केबिन बॅग नेण्याचा फायदा मला दोन दिवशी सगळ्यात जास्त जाणवला, चढायच्या आणि उतरायच्या. चढताना मोठ्या बॅगा बंदरावर हमालांकडे द्याव्या लागतात आणि त्या केबिनच्या दाराशी येईपर्यंत बऱ्याचदा संध्याकाळ होते. आमचं सगळं खांद्यावर, केबिन दुपारी मिळाली, तोपर्यंत बॅग सांभाळत हिंडावं लागलं एवढाच त्रास, पण ताई म्हणाली "अगं चल ना, स्विमसूट तर आहेच" आणि आम्ही सरळ पूलवर गेलो, अख्ख्या पूलमध्ये जेमतेम पाच-सहा जण. उतरताना आदल्या रात्री बॅगा टॅग लावून कॉरिडॉरमध्ये ठेवायच्या असतात. मागच्या क्रूझला ताईने बूटही त्यातच भरून बॅग बाहेर ठेवली होती आणि सकाळी रबरी चपलांवर पाऊस झेलत उतरली होती, ते ती अजून विसरलेली नाही. यावेळी स्वतःचं सामान स्वतः उचलून उतरणाऱ्यांच्या रांगेत होतो, ती रांग सगळ्यात आधी सुटते, बाकीचे आपापल्या टॅगचा रंग पुकारायची वाट बघत होते तेव्हा आम्ही बंदराच्या बाहेर.

विमानाबद्दल एकच गोष्ट, छोट्या विमानात कधीकधी दारातच केबिन बॅगा काढून घेतात आणि खालच्या सामानाच्या कप्प्यात टाकतात. आमच्या परतीला तसंच झालं. पॉवर बँक त्यात ठेवून चालत नाही, ती सोबतच लागते (100 वॉट-अवरच्या आतली चालते, 20,000 एमएएचची साधारण 74 भरते). माझी पॉवर बँक आणि औषधं वरच्या कप्प्यातल्या एका छोट्या पाऊचमध्ये होती, पाऊच काढला आणि बॅग दिली. ताईची पॉवर बँक तळाशी, तीन क्यूबच्या खाली. मागे रांग थांबलेली, आणि ती बिचारी जमिनीवर बसून क्यूब बाहेर काढतेय. पाऊच वेगळा ठेवा आणि वरच ठेवा.

पाचपैकी साडेतीन देते. कापड चांगलं आहे, शिलाई मधल्याची सोडून ठीक, उपयोग आहेच पण जाहिरातीत सांगतात तो नाही. ताईला आता थंडीतल्या क्रूझला जायचंय, तिचे क्यूब साधे आहेत म्हणून माझे मागितलेत. मोठा आणि छोटा देतेय, मधला नाही देणार, आणि देण्याआधी समोर बसवून ती चेन कशी लावायची ते दाखवणार आहे.