साधा मका की स्वीट कॉर्न?
सिल्लोड-कन्नडकडं मका म्हणजे कोंबडीखाद्याला जाणारा साधा मका. पानांतून आलेल्या साखरेचं त्याच्या दाण्यात भराभर स्टार्च होतं. वाळल्या दाण्यात ते ७० टक्क्यांच्या आसपास. जास्त गोड स्वीट कॉर्नमध्ये 'श्रंकन-२' हे जनुक बिघडलेलं असतं. स्टार्चचा कच्चा माल बनवणारं विकर (एन्झाइम) त्यामुळं लंगडं पडतं, साखर तशीच राहते. (बियाणं सुरकुतलेलं दिसतं ते यामुळंच, दुकानदाराशी भांडू नका.) पण हे बिघडलेलं जनुक अप्रभावी, म्हणजे जोडीला चांगलं जनुक आलं की दबून जाणारं. शेजारच्या साध्या मक्याचा पराग पडला की त्याच कणसात पिठूळ दाणे. म्हणून दोन्हींचे तुरे एकदम येणार नाहीत अशी पेरणी मागंपुढं करावी. शहराचं गिऱ्हाईक जवळ नसेल तर मी साधाच लावीन, तो पोत्यात भाव येईपर्यंत थांबतो.