मुक्कामी ट्रेकला गळ न्यायचा तर: टेलिस्कोपिक की चार पीसचा?

भाच्याला खरं तर हवी होती मोडून सॅकमध्ये मावणारी रायफल. अमेरिकन बंदूक-रचनाकार यूजीन स्टोनरच्या एआर-7 रायफलचा व्हिडिओ त्याने कुठेतरी पाहिला होता. तिची नळी, मॅगझिन सगळं दस्त्याच्या पोकळीत बसतं. अमेरिकेत ती 1959 पासून लोक रानात नेतात. मी त्याला सांगितलं, आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. दोन रात्री बाहेर राहून चुलीवर ताजं काही करायचं असेल तर गळ ने. मग त्याचा पुढचा प्रश्न आला तो या लेखाचा विषय. दोन्ही रॉड मी वापरलेत. टेलिस्कोपिक, म्हणजे नळीत नळी सरकवून मिटणारा, आधी तीन वर्षं; चार पीसचा, म्हणजे चार सुटे तुकडे जोडून उभा करायचा, त्यानंतर आजपर्यंत.

वजनाचा विचार करत बसू नका. रीळ सोडून दोन्ही पाव किलोच्या आत येतात. सात फुटी चार पीसचा तुकडा साधारण दोन वितींपेक्षा थोडा जास्त भरतो, टेलिस्कोपिक मिटून जवळपास तेवढाच किंवा थोडा आखूड. सॅकच्या बाजूच्या खिशात दोन्ही उभे राहतात.

टेलिस्कोपिकची खरी मजा वेगात आहे. रीळ लावलेली, तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) कड्यांमधून ओवलेला, तसाच मिटवून ठेवायचा. पाण्याजवळ पोचलात की ओढा, कड्या एका रेषेत आणा, गांडूळ लावा, टाका. चालता चालता एखाद्या डोहात चिलापी उसळताना दिसली तर दुसऱ्या मिनिटाला गळ पाण्यात असतो. चार पीसच्या रॉडला हे जमत नाही. तुकडे जोडा, मग सात-आठ कड्यांतून तंगूस ओवा, आणि तेही सांजावलं की टॉर्च दातात धरून. हा फरक मी कमी लेखत नाही.

तरी माझं मन टेलिस्कोपिकवरून उडालं ते एका एप्रिलमध्ये, सज्जनगडाच्या पायथ्याशी, उरमोडीच्या जलाशयाकाठी. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकतं आणि काठाला तांबडा, पिठासारखा बारीक गाळ उघडा पडतो. आपण बसतो त्याच गाळावर, रॉड टेकवतो त्याच गाळावर. रात्री तीन चिलापी मिळाल्या, भाजून खाल्ल्या, झोपलो. सकाळी रॉड मिटवायला गेलो तर वरचे दोन टप्पे आत गेले आणि तिसरा हलेना. त्याखालचाही हलेना. बुंधा दगडावर उभा आपटून पाहिला. चहाचं उरलेलं गरम पाणी सांध्यावर ओतलं. मित्राने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने पिळलं, तर नळीतून बारीक कर्रर्र आवाज आला. तेव्हा थांबलो, कारण कार्बनची नळी एकदा चिरली की संपली.

मग पाच फुटांची काठी हातात घेऊन करवंदीच्या जाळ्यांतून दीड तास चाललो. दर वीस पावलांवर कडी काट्यात अडकायची. परळीला एसटीत चढलो तर कंडक्टर म्हणाला, "आवो, ह्ये कुठं ठिवताय?" खिडकीतून बाहेर काढता येईना, आत आडवा धरता येईना. साताऱ्यापर्यंत तो मांड्यांमध्ये उभा धरून बसलो आणि प्रत्येक स्टॉपला चढणाऱ्या माणसाच्या डोळ्याला लागू नये म्हणून शेंड्यावर हात ठेवला. घरी दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन खाऊन झाल्यावर, तोच सांधा दोन बोटांनी पिळला तसा सुटला. आतून चिमूटभर तांबडी पूड सांडली.

दोष माझ्या रॉडचा नव्हता, रचनेचाच आहे. आतल्या नळीचा जाड बुंधा बाहेरच्या नळीच्या निमुळत्या तोंडात घट्ट बसतो, एवढ्यावरच सगळा रॉड उभा राहतो. त्या फटीत ओला गाळ गेला की पाचर बसते. खालचं झाकण उघडून नळ्या धुता येतात, मी दर वेळी धुवायचोही. पण पाचर बसायची ती नेमकी मुक्कामाच्या सकाळी, घरापासून लांब.

चार पीसच्या रॉडलाही खोड आहे. सांधे सैल होतात. सुरुवातीला कृष्णाकाठी हरिपूरच्या संगमावर जोरात फेकताना शेंड्याचा तुकडा सुटून पाण्यात गेला होता. तंगुसात ओवलेला होता म्हणून परत आला. तेव्हापासून सांध्यावर मेणबत्ती हलकी घासतो आणि तुकडा सरळ न खुपसता पाव फेरा देऊन बसवतो. अर्ध्या तासाने एकदा चाचपायचं. सांध्यात गाळ गेला तरी तो बाहेरच्या बाहेर पुसता येतो आणि एखादा सांधा अडकलाच तरी उरलेले दोन तुकडे सुटे होतात. शिवाय वाम मासळी आमिष नुसतं हुंगते तेव्हा तो थरार याच्यातून हाताला जास्त स्पष्ट येतो, असं मला वाटतं. दुसऱ्या कुणाच्या हाताला कदाचित जाणवणार नाही.

घेण्याआधी एक नक्की करा, तुम्ही कुठे जाणार आहात. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान, म्हणजे 2010 पासूनचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, इथे गळ बाहेर काढायचाच नाही. इतर धरणांवर मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो. त्यांच्या माणसाला आधी विचारा, पैसे द्या. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात, तेव्हा मी दोन्ही रॉड घरी ठेवतो.

जत-आटपाडीकडे शेततळ्यावर बसणार असाल तर मात्र टेलिस्कोपिकच घ्या. तळ्याला प्लास्टिकचा कागद, बांधावर गाडी, काठाला गाळ नाही. माझा जुना रॉड आता मेहुण्याच्या शेततळ्यावरच असतो आणि तिथे तो आजवर एकदाही अडकलेला नाही. भाच्याला मी चार पीसचा घ्यायला लावला. सोबत हार्डवेअरच्या दुकानातून अडीच इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटी तुकडा आणि दोन झाकणं. सॅक दगडावर आपटली तरी आतला शेंडा शाबूत राहतो.